ओढतंय, अक्का, ढकलत नाही

अक्का, तुम्ही गेलात आणि आपलं भांडण अर्धवट राहिलं. असं मधेच उठून जायचा तुम्हाला काहीएक अधिकार नव्हता. ओसरीवर माणसं येतायत, बसतायत, तुम्ही किती सोशिक होतात, किती गरीब होतात, ते एकमेकांना सांगतायत. मी आत चहाचं आधण ठेवते आणि मनात म्हणते, यांनी माझ्याशी उलथनं हातात घेऊन वाद घालणारी अक्का पाहिलेलीच नाही. तेव्हा रडणं जरा बाजूला ठेवते आणि मुद्द्याचं बोलते. साबणाचं बोट टेकवलं की पाण्यावरची रांगोळी पळते, ती साबणानं ढकलली म्हणून नव्हे. पलीकडचं पाणी तिला ओढतं. मी तेव्हाही हेच म्हणत होते आणि आताही हेच म्हणते. तुम्ही उत्तर द्यायला नाही म्हणून मी जिंकले, असं मात्र मी धरणार नाही.

तुमच्या भावाशी लग्न करून मी नगरहून पुणतांब्याला आले, तेव्हा माझ्या माहेरच्यांनी मला नणंदेची धास्ती घालूनच पाठवलं होतं. ऐन उमेदीत नवरा गेलेली, माहेरी परत आलेली मोठी नणंद. शाळेत शिकवतेस म्हणून तोंड वर करून बोलू नकोस, असं बजावलं होतं. लग्नाच्या गडबडीत आपण एकमेकींना धड पाहिलंही नव्हतं. घर जरा निवलं तेव्हा एका सकाळी तुम्ही मला पडवीत दिसलात, भल्यामोठ्या पितळी परातीवर ओणव्या, श्वास रोखलेला. हातातली मलमलीची पुरचुंडी बोटानं टिचकावत होतात आणि तिच्यातून बाभळीच्या कोळशाची वस्त्रगाळ पूड पाण्यावर उतरत होती. बघता बघता पाण्याचं काळं अंगण झालं. मग त्या काळ्यावर तुम्ही चिमटीतून पांढरी रांगोळी सोडलीत. वेल काढलीत, मोर काढलात, आणि काही म्हणता काही बुडालं नाही. मी वाकले तशी तुम्ही मान वर न करता म्हणालात, "शिंकू नको, मास्तरीण." त्या दिवसापासून या घरात माझं तेच नाव पडलं.

पाण्यावरची रांगोळी बघणाऱ्याला एकच गोष्ट सुचते, ती म्हणजे बोट लावणं. खाली खरंच पाणी आहे हे डोळ्यांनी कुणाला पटतच नाही. पोस्टमन बोट लावायचा, वाणी लावायचा, भजनाला आलेली पोक्त माणसं लावायची. बोटाएवढं भोक पडायचं, तुम्ही चिमूटभर पूड टाकून ते बुजवायचात, आणि बोट लावणाऱ्याकडे असं बघायचात की तो बिचारा चहा न घेताच उठायचा.

म्हणून तर कुसुमच्या लग्नात जे झालं ते कुणालाच कळलं नाही. तुमच्या त्या धाकट्या बहिणीचं लग्न, आणि मांडवाच्या दारात तुमची परात ठेवायची की नाही यावरून आधीच कुजबुज झालेली. बोळापलीकडच्या चुलत घरातल्या काकी उघडच म्हणाल्या की मंगल कार्यात विधवेच्या हातची रांगोळी नको. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि परात दारातच ठेवायला लावली. तुम्ही त्या दिवशी काठाला टेकेल एवढं मोठं कमळ काढलंत. मी त्याच्या शेजारी अत्तराची कुपी घेऊन आल्यागेल्याच्या हाताला अत्तर लावत उभी होते. काकी आल्या. मी त्यांच्या पालथ्या हाताला अत्तराचं बोट ओढलं, त्यांनी ते दुसऱ्या हाताच्या बोटानं चोळलं, वास घेतला, परातीशी थबकल्या आणि तेच बोट कमळाच्या मधोमध टेकवलं.

आणि कमळ पळालं, अक्का. माझ्याकडे त्याला दुसरा शब्द नाही. डोळ्याचं पातं लवेपर्यंत पाकळ्या फाटत कडेला गेल्या आणि काठाशी चुरगळून बसल्या. मधे नुसतं स्वच्छ पाणी आणि परातीचं पितळ. बायका किंचाळल्या. माझ्या मात्र अंगावर काटा आला तो आनंदाचा. हे मी पुस्तकात वाचलं होतं, वर्गात फळ्यावर काढलं होतं, पण इतकं मोठं, इतकं झपाट्याचं कधी पाहिलं नव्हतं. मग मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मांडवाच्या खांबाला धरून उभ्या होतात आणि तुमच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. काकी साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "म्हनून सांगत हुते. हिच्या हाताला यस न्हाई."

तुम्ही परात उचललीत, मागच्या दारी नेऊन ओतलीत, रांगोळीचे डबे माळ्यावर टाकलेत आणि पाहुण्यांना वाढायला लागलात. त्यानंतर उंबऱ्यावर दोन रेघा काढायला सांगितलं तरी तुम्ही, कुसुम सासरी कशी असेल, म्हणत विषय बदलायचात. घरातही सगळे समजून उमजून गप्प. मला हे गप्प बसणं सहन होईना. मी म्हटलं, अक्का, पाणी शकुन बघत नाही, त्याला काहीतरी कारण असणार. तुम्ही तांदूळ निवडत होतात. ताटावरची नजर न काढता म्हणालात, "कारन हाय की. मीच."

मग मात्र मी चिडले. शिडी लावून डबे खाली काढले, परात मांडली, पाणी ओतलं आणि स्वतःच पूड टाकायला बसले. तुम्ही पाठ करून बसलात. पण माझं काम कानांनीही बघवेना तुम्हाला. पूड गठ्ठ्यागठ्ठ्यानं पडत होती. शेवटी वळून म्हणालात, शेतात खत टाकल्यावाणी काय टाकतीस, आण ती इकडं. पुरचुंडी तुमच्या हातात गेली आणि मला कळलं की अर्धं काम झालं.

त्या दुपारी आपण घरातलं काय काय त्या परातीत बुडवलं, आठवतं ना? ताक, चिंचेचं पाणी, लिंबू, गूळ. रांगोळी ढिम्म. मी बोट साबणाच्या वडीवर घासून टेकवलं आणि सर्रकन सगळं कडेला. आपण दोघी एकदमच ओरडलो. सासूबाई आतून विचारायला लागल्या की विंचू निघाला का. मग परात राखेनं आणि चिंचेनं घासायची, नवं पाणी, नवी पूड, आणि पुन्हा. खोबरेल तेलाचा थेंब सोडला, पळाली. कापराचा खडा टाकला, तर तो पठ्ठ्या स्वतःच गरागरा फिरत वाट काढायला लागला. तेलकट परातीत रांगोळी बसत नाही एवढं तुम्हाला आईकडून ठाऊक होतं. पण बसलेली रांगोळी उठून पळते, हे तुम्ही पहिल्यांदाच बघत होतात. मग मी आत गेले आणि लग्नातली अत्तराची कुपी घेऊन आले. अत्तर म्हणजे शेवटी तेलच. तुम्ही स्वतः बोट बुडवलंत आणि टेकवलंत. कुसुमच्या मांडवात झालं होतं तस्संच झालं.

तुम्ही बोट पदराला पुसलंत. मग विचारलंत, त्या दिवशी मांडवात बोट कुणाचं होतं. मी सांगितलं. मला वाटलं तुम्ही रडाल, आणि तुम्ही हसायला लागलात, पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणालात, अत्तर लावणारी तू, म्हणजे निम्मं पाप तुझ्या माथी. मी तेवढ्यात चपला घालून बोळ ओलांडायला निघालेच होते, काकींना परातीसकट सगळं दाखवायला. तुम्ही माझा पदर धरलात.

"न्हाई सांगायचं," तुम्ही म्हणालात. "सांगून ती काय करंल? मान खाली घालंल. मला तिची मान नको, मला माजी रांगोळी पायजे."

मला हे तेव्हा पटलं नाही. तुम्हाला चारचौघांत बोलल्या त्या, तर चारचौघांत त्यांना कळायला नको? यावर आपण किती वेळा तोंडं वाकडी करून जेवायला बसलो असू. पण तुमच्या डोक्यात तोवर दुसरंच शिरलं होतं. ती पळतेच आहे ना, मग मी सांगेन तिकडं का पळू नये, असं तुम्ही म्हणालात, आणि मला वाटलं या बाईला आता आवरणं कठीण.

ते दिवस, अक्का! शाळा सुटली की मी जवळजवळ पळत घरी यायची. गावावर तेव्हा दुष्काळ बसला होता. गोदावरीच्या पात्रात वाळू खणून बायका वाटीनं पाणी भरायच्या, आणि आपण परातभर पाणी रांगोळीवर घालवतोय हे कुणाला सांगायची सोय नव्हती. एकदा साबण लागलेलं पाणी पुन्हा खेळत नाही, म्हणून ते परसातल्या लिंबाच्या झाडाला जायचं. आसपासची झाडं वाळून कोळ झाली आणि आपला लिंबू त्या वर्षी लगडला होता.

मी तुम्हाला समजावलं की पाण्याचा वरचा थर म्हणजे चहूबाजूंनी चाललेली रस्सीखेच. सगळ्यांचा जोर सारखा, म्हणून कुणी हलत नाही. साबण लागला की त्या जागेवरच्या पाण्याचा हात सैल पडतो. पलीकडच्यांचा जोर तसाच असतो, मग ते सगळं आपल्याकडे ओढून नेतात. तुम्ही नीट ऐकून घेतलंत आणि विचारलंत, बाजारात बैल उधळला की माणसं पळतात, ती पुढून कुणी ओढतं म्हणून, का मागं बैल आहे म्हणून?  मी दुसऱ्या दिवशी शाळेतून काचेची पट्टी आणली, तिच्यावर रंगीत पाण्याचा पातळ थर दिला आणि दवाखान्यातून मागून आणलेलं स्पिरिट काडीला लावून वर नुसतं धरलं. पाण्याला काडी शिवलीही नाही, नुसता वास खाली उतरला, तरी पाणी सरकलं आणि काचेला टक्कल पडलं. तुम्ही म्हणालात, बघ, न शिवता पळालं, म्हणजे घाबरूनच पळालं. मी कपाळावर हात मारला.

आणि ते धिरड्याचं. तुम्ही चुलीपुढून अशी हाक मारलीत की मी गणिताच्या वह्या टाकून धावत आले. तव्याच्या मधोमध घातलेले तेलाचे थेंब तापले तसे सरकत कडेला चालले होते. मी म्हटलं, तव्याला पोक आलं असेल. तुम्ही परसातून सपाट दगडी पाटा उचलून आणलात, त्याच्या एका टोकाला निखारे ठेवलेत आणि वर तेलाचा बारीकसा थेंब. तो हळूहळू का होईना, गार टोकाकडे निघाला. उष्णतेनंही हात सैल पडतो, अक्का, तापलेल्या बाजूचा जोर कमी आणि गार बाजू ओढते, असं मी नाचत नाचत सांगत होते. तुम्ही म्हणालात, आग मागं लागल्यावर कुणीही पळंल. धिरडं जळून गेलं, घरभर धूर झाला, आणि तुमचा भाऊ दारात उभा राहून विचारत होता की आज जेवायला आहे का.

तुमची कळी मात्र उमलत नव्हती. तुम्ही मिटलेलं कमळ काढायचात, मधे साबणाचं बोट टेकवायचात, आणि पाकळ्या उमलायच्या ऐवजी नुसत्या फाटायच्या. तुम्ही पूड बारीक केलीत, जाड केलीत, पाणी कमी केलंत. शेवटी एका दिवशी पूड संपत आली म्हणून ती परातीच्या काठापर्यंत पुरली नाही. काठाशी मोकळ्या पाण्याचं कडं राहिलं. आणि कळी उमलली. अख्ख्या पाकळ्या, न फाटता, सावकाश, चारी अंगांनी त्या मोकळ्या पाण्यावर जाऊन टेकल्या.  तुम्ही म्हणालात, "जायला जागा ठेवली नव्हती मी. जागा नसंल तर फाटंल न्हाई तर काय."

मी लगेच म्हणाले, म्हणजे मी म्हणते तेच, मोकळं पाणी ओढतं. तुम्ही म्हणालात, मोकळं पाणी गप बसलंय, ढकलतोय तो साबण. तिथेच आपला वाद पक्का झाला आणि तिथेच तो आजवर उभा आहे.

शाळेच्या प्रदर्शनात ती परात मांडायची हे मी ठरवलं आणि तुम्हाला शेवटच्या क्षणी सांगितलं. हेडमास्तरांनी आधी पाण्यावरून नाक मुरडलं, मग लिंबाच्या झाडाची हकिकत ऐकून हो म्हणाले. सगळं गाव आलं होतं. दुष्काळी कामावरून हातपाय धुऊन बायका तशाच आल्या होत्या. तुम्ही सगळ्यांसमोर कळी काढलीत. गर्दीत काकी होत्या. मला वाटलं आता अक्का सगळ्यांना सांगणार, मी तर मनातल्या मनात टाळी वाजवायला हात वर केले होते. तुम्ही पदर खोचलात आणि म्हणालात, "काकी, तुमी या. तुमच्या हातानं व्हऊ द्या."

काकी दचकल्या. पुढं आल्या खऱ्या, पण बोट मागंच. तुम्ही त्यांचा हात धरून त्यांचं बोट साबणाच्या वडीवर टेकवलंत आणि परातीवर नेलंत. आता पळणार, असं काकींच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं. आणि कमळ उमललं. गर्दीतून असा आवाज उठला की मागच्या पोरांनी बाकांवर चढून बघितलं. काकी आपल्या बोटाकडे बघत राहिल्या, मग साबणाकडे, मग तुमच्याकडे. जाताना म्हणाल्या की आमच्या पोरीचं लग्न ठरेल तेव्हा परात घेऊन ये. तुम्ही हो म्हणालात. वाटेत तुम्ही माझा दंड धरून इतक्या भराभर चालत होतात की मला धाप लागली. इतकं आनंदी माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

पोरीचं लग्न ठरलं, मार्गशीर्षातलं. आणि तुम्हाला ताप आला आणि तुम्ही गेलात. त्याबद्दल मला लिहायचं नाही. तापातही तुम्ही मला विचारलंत की पूड चाळून ठेवली का, एवढं मात्र लिहून ठेवते.

काल काकी आल्या. ओसरीवर न बसता सरळ आत आल्या आणि परात कुठे आहे म्हणून विचारलं. मी काढून दिली. खाली बसून त्यांनी ती राखेनं, चिंचेनं घासायला घेतली. मी म्हटलं, काकी, मला ते जमत नाही, अक्कांचा हात वेगळा होता. त्या म्हणाल्या, वाकडी आली तरी चालेल, पण दारात परात नाही असा मांडव मी घालायची नाही. मग मी पाणी ओतलं, पुरचुंडी घेतली आणि टिचकावायला लागले. तुम्ही असतात तर खताचं नाव काढलं असतंत. कळी वाकडी आली, एका बाजूला जाडी आणि एका बाजूला भुकेली. काकींनी बोट साबणाला लावलं, परातीवर आणलं, आणि तिथेच थांबवलं.

"सुमन," त्या म्हणाल्या, "कुसुमच्या लग्नात माज्या बोटाला अत्तर हुतं. व्हय ना?"

या प्रश्नाची मी किती वाट पाहिली होती, अक्का. माझ्याकडे त्यासाठी वाक्यंच्या वाक्यं तयार होती, धार लावून ठेवलेली.  मी नुसती मान हलवली.

"अक्काला म्हाईत हुतं?"

मी पुन्हा मान हलवली.  "आनि तरी तिनं शाळेत मलाच हाक मारली," त्या म्हणाल्या. मग त्यांनी बोट टेकवलं.

एक पाकळी अडकली, बाकीच्या गेल्या. वाकड्यातिकड्या, पण न फाटता, सावकाश, तुमच्या जायच्या तशाच. काकींची मान खाली गेली नाही. ती पुढं झुकली होती, पाकळ्या कुठवर जातात ते बघायला. मी रडत होते आणि तशातच मला राहवेना. मी डोळे पुसून विचारलं, काकी, खरं सांगा, कळीला साबण ढकलतो की पाणी ओढतं?

काकींनी परातीच्या काठाशी बोट नेलं. "हितं जागा ठिवलीस ना तू," त्या म्हणाल्या, "म्हनून गेली."

ठेवली होती, अक्का. तुम्ही शिकवलीत तेवढीच.